मोरचूद : वऱ्हाडच्या ज्वारीत भिजलेला निळा रंग

(धागा. जरा लांब आहे, सवडीने वाचावा.)

गेल्या दिवाळीत अमडापूरच्या घरी माळा आवरताना चिनी मातीची एक जुनी बरणी हाती लागली. झाकण नीट बसलेले नव्हते. आत खडीसाखरेएवढे खडे होते, वरून पांढुरके आणि पिठूळ. त्यांतला एक खडा बरणी कलंडताना फुटला आणि आतून असा निळा रंग उघडा पडला की क्षणभर मी एखाद्या दागिन्यातले रत्नच पाहते आहे असे वाटले. बोट पुढे केले, तोच मागून आजीचा आवाज आला : "हात नोको लावू माय त्याले, इख हाय ते. मोरचूद हाय."

आजीला त्या बरणीची हकीकत ठाऊक होती. तिच्या सासऱ्यांच्या काळी खामगावच्या बाजारातून मोरचूद येई. पेरणीआधी ज्वारीचे बियाणे त्याच्या पाण्यात भिजवीत. उरलेले गुरांच्या खुरांसाठी ठेवीत. मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी, दप्तरखान्यांतून जिल्ह्याचा इतिहास शोधत फिरणारी, आणि आमच्याच माळ्यावरच्या या बरणीबद्दल मला काहीही माहीत नव्हते. हा धागा त्या बरणीचा आहे.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. बुलढाणा जिल्ह्यातून अजिंठ्याची डोंगररांग जाते. पलीकडे लेणी आहेत, अलीकडे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या निळ्या रंगाचा विषय निघाला की अजिंठ्याचे नाव येते आणि "तो तांब्याचा निळा" असे कोणीतरी ठामपणे सांगतो. तो तांब्याचा नव्हे. पाचव्या शतकातील त्या चित्रांमधला झळझळीत निळा हा लाजवर्द दगड कुटून केलेला आहे, आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आला. लाजवर्दाला निळेपणा मिळतो तो गंधकामुळे. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून जे निळे स्फटिक निघतात आणि जगभरच्या संग्रहालयांत दिमाखाने मांडले जातात, त्या कॅव्हनसाइटमध्येही तांबे नाही, व्हॅनेडियम आहे. आणि ज्या मोराचे नाव आमच्या बरणीतल्या खड्याने घेतले, त्या मोराच्या मानेत तर निळे रंगद्रव्यच नसते. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होताना तो निळा दिसतो. पीस कुटून पूड केली तर निळा रंग उरत नाही.

म्हणजे या तीन प्रसिद्ध निळ्यांपैकी एकही तांब्याचा नाही. तांब्याचा निळा आमच्या माळ्यावर होता.

आता नावाकडे वळू, कारण या धाग्याचा अर्धा इतिहास नावातच आहे. संस्कृतात या पदार्थाला तुत्थ म्हणतात. अमरकोशात त्याचे पर्याय दिले आहेत, त्यांत शिखिग्रीव आणि मयूरक हे दोन शब्द येतात. शिखिग्रीव म्हणजे मोराची मान. हीच उपमा भाषाभाषांतून फिरत राहिली. गुजरातीत मोरथूथू, कन्नडात मैलुतुत्त, तमिळमध्ये मयिल तुत्तम. तिन्हींत मोर आणि तुत्थ एकत्र आहेत. आपल्या मोरचुदातला 'चूद' हादेखील तुत्थाचाच झिजलेला अवशेष असावा. दुसरीकडे तुत्थ शब्द फारसीत जाऊन 'तूतिया' झाला, अरबीतून युरोपात पोचला आणि इंग्रजीत 'टटी' होऊन बसला. वाटेत मात्र त्याचा अर्थ बदलला. पश्चिमेत तो मुख्यतः जस्ताच्या भस्मासाठी वापरला गेला. हिंदीने तूतिया परत घेतला तो तांब्याच्या अर्थाने. शब्दांचे असे प्रवास पाहिले की व्यापाराचे नकाशे पुन्हा काढावेसे वाटतात, पण तो मोह इथे आवरते.

सुश्रुतसंहितेत औषधी द्रव्यांच्या एका गणात तुत्थ आहे. पुढे रसशास्त्राच्या ग्रंथांत त्याला 'सस्यक' नावाने मोठे मानाचे स्थान मिळाले. साधारण तेराव्या शतकातला 'रसरत्नसमुच्चय' आठ महारसांत सस्यकाची गणना करतो आणि त्याच्या उत्पत्तीची एक कथा देतो. अमृत प्यालेल्या गरुडाने हालाहल विष गिळले, मग मरकत पर्वतावर ते ओकले, आणि ते थिजून सस्यक झाले. मला ही कथा विलक्षण नेमकी वाटते. मोरचूद पोटात गेले की पहिला परिणाम होतो तो ओकारीचाच, आणि तेच पूर्वी वांती करवण्याचे औषधही होते. विष, अमृत आणि वमन या तिन्ही गोष्टी एका कथेत बसवणाऱ्याने हा पदार्थ जवळून पाहिलेला होता. त्याच ग्रंथात सस्यकातून 'सत्त्व' काढण्याची कृती आहे आणि निघणारे सत्त्व तांबे असते. निळ्या खड्याच्या पोटात लाल धातू आहे, हे त्या काळच्या रसवैद्यांना माहीत होते.

बोलीतही तांब्याच्या या स्वभावाची खूण आहे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक राहिले की ते 'कळकते'. कळक म्हणजे तांब्या-पितळेवर आंबटाने चढणारा हिरवट-निळसर थर. फारसीतून आलेला 'जंगाल' हा त्याचाच दरबारी भाऊ, तो रंग म्हणून चित्रांत आणि पोथ्यांत वापरला जाई आणि कालांतराने खालचा कागदही खाऊन टाकी. स्वयंपाकघरात ज्याला घाबरायचे, त्यालाच चित्रशाळेत जपायचे! शिवाय मोरचुदाचा आणखी एक उपयोग आम्हा दप्तरखान्यात बसणाऱ्यांच्या परिचयाचा असायला हवा. जुने बांधणीकार कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. पोथीचा एक कागद तांब्याने खाल्ला आणि दुसऱ्या ग्रंथाची बांधणी तांब्यानेच राखली.

रंग निळाच का, याचे उत्तर आमच्या बरणीनेच दिले. पांढुरक्या पुडीवर मी चमच्याने पाण्याचा थेंब टाकला आणि ती पूड डोळ्यांदेखत निळी झाली. (हात धुतले, आजी समोरच उभी होती.) मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच्या स्फटिकात तांब्याच्या प्रत्येक अणूमागे पाण्याचे पाच रेणू असतात. त्यांतले चार थेट तांब्याला बिलगलेले, पाचवा जरा बाजूला, सल्फेटाशी बांधलेला. तांब्याभोवती पाण्याची ही बैठक असली की ते पांढऱ्या प्रकाशातला तांबडा-नारिंगी भाग शोषून घेते आणि आपल्यापर्यंत पोचतो तो उरलेला निळा. खडा तापवून पाणी घालवले की तांब्याचे शोषण दृश्य प्रकाशाच्या पलीकडे, अवरक्त भागात सरकते. मग आपल्या डोळ्यांना टिपण्याजोगे काही उरत नाही, पूड पांढरी दिसते. पाण्याऐवजी अमोनिया जवळ आला तर शोषण उलट्या दिशेने सरकते आणि निळा जांभळटाकडे झुकून गडद होतो. तेव्हा मोरचुदाचा निळा एकट्या तांब्याचा नाही. तो तांबे आणि पाणी यांच्या संगतीचा आहे. उघड्या झाकणामुळे कित्येक उन्हाळे त्या खड्यांच्या पृष्ठभागावरचे पाणी उडत गेले होते, एवढाच पांढुरकेपणाचा अर्थ.

आता ज्वारीकडे.

आजच्या वाचकाला कल्पना येणार नाही, कारण आमच्या भागात आता जिकडेतिकडे सोयाबीन दिसते, पण विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडात कापूस विकायला आणि ज्वारी खायला अशी शेतीची वाटणी होती. ज्वारी बुडाली की माणूस आणि गुरे दोन्ही उपाशी, कारण भाकर तिचीच आणि कडबाही तिचाच. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड किती होरपळला, याच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या.

या ज्वारीला काणी नावाचा रोग पडतो. पीक उभे असते, ताटे हिरवी असतात, काही वावगे दिसत नाही. कणीस निसवते तेव्हा दाण्याच्या जागी राखाडी रंगाच्या लहान पिशव्या निघतात. फोडल्या तर आत काजळीसारखी काळी भुकटी. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही आपत्ती कणीस बाहेर पडण्याच्या सुमारास, आभाळातून पडल्यासारखी येते. तेव्हा तिचे कारण हवेत, ढगात किंवा दैवात शोधणे यात अडाणीपणा काही नाही. युरोपातले विद्वानही अठराव्या शतकाअखेरपर्यंत गव्हाच्या अशाच रोगाला धुके आणि जमीन कारण असल्याचे सांगत होते.

प्रत्यक्षात रोग कित्येक महिने आधी, पेरणीच्या दिवशीच शेतात आलेला असतो. खळ्यावर मळणी होते, बैलांच्या पायांखाली निरोगी आणि काणीग्रस्त कणसे एकत्र तुडवली जातात, पिशव्या फुटतात आणि ती काळी भुकटी, म्हणजे बुरशीचे बीजाणू, चांगल्या दाण्यांना चिकटते. पुढच्या पावसाळ्यात दाणा रुजतो तेव्हा बीजाणूही रुजतो, कोवळ्या अंकुरात शिरतो आणि ताटाबरोबर गुपचूप वाढत राहतो. एका वर्षाच्या खळ्यावर पुढच्या वर्षीची काणी पेरली जाते.

हे कोडे आधी सुटले ते फ्रान्समध्ये, गव्हावर. मोंतोबाँ गावी बेनेदिक्त प्रेव्हो नावाच्या अभ्यासकाने गव्हाच्या काणीची भुकटी पाण्यात रुजवून पाहिली आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध केले की ही भुकटी रोगाचा परिणाम नसून रोगाचे कारण आहे, ती एक सूक्ष्म वनस्पती आहे. त्याच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट लक्षात आली. तांब्याच्या भांड्याशी संबंध आलेल्या पाण्यात हे बीजाणू रुजत नसत. तिथून तो मोरचुदाच्या द्रावणाकडे वळला. पॅरिसच्या विद्वत्सभेने त्याचे म्हणणे स्वीकारले नाही. त्याला मान्यता मिळायला सुमारे चार दशके जावी लागली. गंमत अशी की कारण नाकारले गेले तरी उपाय शेतकऱ्यांत पसरत राहिला.

दुसरी प्रसिद्ध गोष्ट बोर्डोची. १८८२ च्या शरदात मेदोक भागात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींची पाने शाबूत दिसली, आतल्या वेलींची मात्र केवड्याने गळालेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मळेवाल्यांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता, निळ्या रंगाने भीती घालायला. १८८५ मध्ये त्याने उपाय प्रसिद्ध केला आणि बोर्डो मिश्रण जगभर गेले. भारतात म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी सुपारीच्या कोळेरोगावर ते यशस्वी करून दाखवले, तेही १९१० च्या आसपासच. चोरासाठी लावलेला निळा रंग बुरशीला लागू पडला, ही कथा सगळे सांगतात. मला मात्र प्रेव्होची गोष्ट अधिक जवळची वाटते, कारण आमच्या ज्वारीपर्यंत पोचला तो त्याचा मार्ग. त्यात फवारणी नव्हती, बियाणे भिजवायचे होते.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. त्याच सुमारास सरकारी कृषी खात्यांची नवी उभारणी झाली आणि बिहारमध्ये पुसा येथे शेतकी संशोधन संस्था स्थापन झाली. तिथे एडविन जॉन बटलर हे कवकशास्त्रज्ञ काम करीत. त्यांचा १९१८ चा ग्रंथ भारतातल्या पीकरोगांच्या अभ्यासाचा पाया मानला जातो, आणि त्यात ज्वारीच्या काणीवर मोरचुदाच्या सौम्य द्रावणात बियाणे भिजवण्याचा उपाय येतो. मुंबई इलाख्यातली आणि मध्य प्रांत-वऱ्हाडातली कृषी खाती मोरचुदाच्या लहान पुड्या शेतकऱ्यांपर्यंत नेऊ लागली. पुडी पाण्यात विरघळवायची, बियाणे थोडा वेळ बुडवायचे, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे, बाकीचे सावलीत वाळवायचे आणि पेरायचे. यंत्र नाही, कर्ज नाही, नांगर बदलायचा नाही.

इतका स्वस्त उपाय असूनही तो घरोघर लगेच का रुजला नाही, असा प्रश्न पडला की सरकारी कागदांचा नेहमीचा सूर शेतकऱ्याच्या जुनाट वृत्तीकडे बोट दाखवण्याचा असतो. पदवीला असताना मीही परीक्षेत तेच लिहिले असते. बरणी पाहिल्यानंतर आणि आजीशी बोलल्यानंतर मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. नकाराची किमान तीन कारणे तर रसायनातच आणि रोगातच होती.

पहिले भांड्याचे. मोरचुदाचे पाणी लोखंडी बादलीत किंवा घमेल्यात केले की लोखंड विरघळू लागते आणि तांबे त्यावर लालसर थराने बसते. द्रावणाचा निळा रंग फिका होत जातो आणि औषधाचा जीवही जातो. चीनमध्ये सोंग राजवटीत नेमकी हीच क्रिया वापरून निळ्या झऱ्यांच्या पाण्यात लोखंडाचे पत्रे बुडवून नाण्यांसाठी तांबे मिळवीत. युरोपातल्या किमयागारांना लोखंडाचे तांबे झाल्याचा भास झाला तोही यानेच. पण शेतकऱ्याला त्यात किमया दिसणार कशी? त्याची पुडी फुकट गेली. मातीचे मडके, लाकडी कोटंबे, नाहीतर तांब्याचेच भांडे पाहिजे, हे ज्याला सांगितले गेले त्याचा अनुभव वेगळा आणि ज्याला सांगितले नाही त्याचा वेगळा.

दुसरे कारण काणीचे. काणी एक नाही. दाण्यावरची काणी बियाण्याबरोबर येते, तिला मोरचूद लागू पडते. झिपरी काणीचे बीजाणू जमिनीत वाट पाहतात आणि लांब काणीचे वाऱ्यावरून थेट फुलोऱ्यात येतात. बियाणे कितीही भिजवले तरी या दोघी थांबत नाहीत. ज्याच्या शेतात यांचा उपद्रव होता त्याने प्रामाणिकपणे बियाणे भिजवले, तरी काळी कणसे निघाली. त्याने शेजाऱ्याला काय सांगितले असेल? आणि ज्याने द्रावण कडक केले किंवा बियाणे जास्त वेळ ठेवले, त्याच्या दाण्यांची उगवणच मार खाऊन बसली.

तिसरे कारण आजीच्या एका वाक्यातून सुचले. ती म्हणाली, "भिजवलं का मंग ते बी खाता येत नाही. पाऊस लांबला तं काय खाशीन?" हे माझ्या डोक्यात कधीच आले नव्हते. भुकेच्या साली बियाण्याची ज्वारी ही घरातली शेवटची शिल्लक असते. पाऊस ओढला, पेरणी हुकली, तर तीच दळून भाकर करता येते. मोरचुदात बुडवलेले बियाणे त्या वाटेने परत येऊ शकत नाही. ज्यांच्या घरात दुष्काळ दोनदा येऊन गेला होता त्यांना पुढच्या वर्षीच्या काणीची भीती मोठी वाटावी की या वर्षीच्या पोटाची? हा निर्णय अज्ञानाचा नव्हता, हिशेबाचा होता. कोणत्याही अहवालातल्या आकड्यात हा हिशेब उतरत नाही, कारण न भिजवलेल्या बियाण्याची नोंद कोण ठेवणार?

तरी मोरचूद वऱ्हाडात शिरले आणि टिकले. माझ्या मते त्याचे एक मोठे कारण नाव हे आहे. पुढच्या काळात शेतात आलेल्या बहुतेक रसायनांची नावे परकी होती. युरिया, डीडीटी, एंड्रिन असे एकेक शब्द गावाला नव्याने शिकावे लागले, आणि शब्दाबरोबर भीती किंवा काळजी शिकायला कोणी लावली नाही. मोरचूद मात्र घरचे होते. वैद्याकडे होते, बांधणीकाराच्या खळीत होते, गुरांच्या दवेत होते. ते विष आहे हे आधीच माहीत होते, म्हणून पुडीवर काय छापले आहे याची वाट पाहावी लागली नाही. प्रेव्होचा शोध वऱ्हाडात आला तो मोराच्या नावाने. वस्तूदेखील पूर्वी जवळच बनत असे. राजस्थानात खेत्री-सिंघाना भागात एकोणिसाव्या शतकापर्यंत खाणींतल्या टाकाऊ खडकापासून मोरचूद आणि तुरटी काढीत. पुढे कारखान्यातला माल आला तरी नाव बदलले नाही.

रंगही कामाला आला. निरक्षर माणसालाही पाणी किती निळे झाले यावरून अंदाज बांधता येतो. बोर्डो मिश्रण करताना विदर्भातले संत्रा बागाईतदार आजही एक परीक्षा करतात. मोरचूद वेगळ्या भांड्यात, चुना वेगळ्या भांड्यात भिजवायचा, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळायचे. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी असे प्रमाण असते. आकाशी रंगाचे ते पाणी तयार झाले की लोखंडी विळा किंवा चाकूचे पाते त्यात बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबे अजून मोकळे आहे, पाने करपतील, आणखी चुना घालायचा. पाते स्वच्छ निघाले तर मिश्रण जमले. ज्या क्रियेने घमेल्यातली पुडी वाया घालवली, तीच इथे तपासनीस झाली आहे. प्रयोगशाळेची गरज नाही, निर्देशक शेतकऱ्याच्या कमरेला आहे.

ज्वारीतून मोरचूद निघून गेले ते १९३० च्या सुमारास सुरू झालेल्या बदलाने. गंधकाची बारीक भुकटी कोरड्या बियाण्याला चोळली तरी दाण्याची काणी आटोक्यात येते, असे दिसून आले. भिजवणे नाही, वाळवणे नाही, भांड्याची भानगड नाही, उगवणीला धोका नाही. आजही ज्वारीसाठी किलोला चार ग्रॅम गंधक ही शिफारस कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांत सापडते. अजिंठ्याच्या निळ्यात लपलेला गंधक इथे पिवळा होऊन आला आणि त्याने निळ्या तांब्याला शेतातून बाहेर काढले. गावोगाव हा बदल एकाच वर्षी झालेला नाही. आमच्या घरी आजी लग्न होऊन आली तेव्हाही बियाणे भिजवले जात होते, असे ती सांगते.

यानंतर बियाणेच बदलले. संकरित ज्वारी आली, बियाण्याला कारखान्यातच औषध लावून पिशवी विकली जाऊ लागली, आणि खळ्यावर पुढच्या सालासाठी कणसे निवडून ठेवायची गरज कमी होत गेली. मोरचुदाच्या पुडीत शेतकरी स्वतः द्रावण करीत होता, रंग पाहत होता, दाणे सावलीत पसरीत होता. नव्या पिशवीत त्याला फक्त गुलाबी दाणे दिसतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा बाटल्यांवरच्या सूचना कोण वाचतो यावर पुष्कळ चर्चा झाली. मला तेव्हा या बरणीची माहिती नव्हती. आता त्या चर्चेकडे पाहताना असे वाटते की एखादे विष गावाच्या भाषेत शतकानुशतके 'इख' म्हणून ओळखले जाणे ही सुद्धा एक सुरक्षाव्यवस्था होती. ती परिपूर्ण होती असे मी म्हणणार नाही. मोरचुदाने माणसे मेलेली आहेत, आणि वर्षानुवर्षे तांबे टाकलेल्या बागांची माती तांबे धरून ठेवते, हेही खरेच आहे.

अमडापूर बहुतेकांना बल्लाळदेवीमुळे माहीत असते. जिल्ह्याचे नाव निघाले की लोणार, सिंदखेड राजा, शेगाव. या यादीत बियाणे भिजवण्याचे मडके येणार नाही, यायची अपेक्षाही नाही. पण माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी ज्यांची मुळे वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात आहेत, त्यांनी घरातल्या ऐंशीच्या आसपासच्या माणसांना विचारावे : ज्वारीचे बी कशात भिजवीत, किती वेळ, कोणत्या भांड्यात, आणि भिजवून उरलेल्या बियाण्याचे काय करीत? शेवटचा प्रश्न विसरू नका. उत्तरे इथेच लिहा, गाव आणि तालुक्यासह. माणसाचे नाव नको. मी ती जुळवून ठेवणार आहे.

वरूड-मोर्शीच्या बाजूने कधी एसटीने गेलात तर संत्र्यांच्या बागांत झाडांची खोडे जमिनीपासून हात-दीड हात निळसर रंगवलेली दिसतील. डिंक्यासाठी लावलेला तो बोर्डो मलम आहे. ऊन चढले की तो पांढरट दिसतो, पावसाच्या पहिल्या सरीत पुन्हा निळा वाटतो.

बरणीचे काय केले, असे दोघांनी आधीच विचारले आहे. आजीने खडे फेकू दिले नाहीत, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर तर नाहीच. झाकणाला मेण लावून, वर कापड बांधून बरणी परत माळ्यावर ठेवली आहे. कापडावर मी 'मोरचूद' लिहिले. आजीने ते पाहिले आणि म्हणाली, खाली 'इख' बी लिहून ठेव.

(पुढच्या धाग्यात : कल्हई आणि कल्हईवाले.)